डोंगरउतारावरचे पाणी

सह्याद्रीच्या कोकणउतारावर एकेकट्या घरांच्या अनेक वाड्या आहेत. घराच्या वरच्या अंगाला, रानात, कातळाच्या फटीतून झरा वाहत असतो. विजेची तार मात्र घरापर्यंत आलेली नसते, किंवा आली तरी पावसाळ्यात तिचा भरवसा नसतो. झरा घरापेक्षा उंचावर आणि बारमाही असेल तर अशा घराला पंप लागत नाही. उताराच्या जोरावर पाणी नळाने अंगणात येते. त्यासाठी पाईप विकत घेण्याआधी दोन मापे घ्यावी लागतात: पाणी किती आणि उंची किती.

पाण्याचे माप वैशाखात घ्यावे. श्रावणातला झरा फसवतो. झऱ्याला पन्हळ लावून १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. पंधरा मिनिटे लागली तर धार मिनिटाला १ लिटरची. ती नगण्य वाटते, पण दिवसरात्र मिळून १,४४० लिटर पाणी होते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांना २७५ लिटर पुरतात. उरलेल्यात गुरांचे आणि थोड्याफार माडांचे भागते. तेव्हा धार बारीक म्हणून झरा सोडून देऊ नये. रात्रीचे पाणी साठवणारी टाकी हवी, एवढेच.

उंची मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळीत पाणी भरून एकाने वरचे टोक जमिनीशी धरावे, दुसऱ्याने खालच्या बाजूला उभ्या काठीवर पाण्याची रेषा टिपावी. काठीच्या पायाशी वरचे टोक आणून पुन्हा तेच. असे टप्पे घराशी येईपर्यंत मोजून बेरीज केली की एकूण उतार कळतो. दर १० मीटर उतारामागे चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो.

हा दाब पाईपातल्या घर्षणात खर्च होतो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. ३०० मीटर लांबी आणि २० मीटर उतार असताना आतून २५ मिलिमीटर व्यासाचा पाईप मिनिटाला तीसेक लिटर पाणी देतो. अर्धा इंची पाईप जेमतेम पाच-सहा. व्यास निम्मा केला की पाणी निम्मे होत नाही, सहाव्या हिश्श्यावर येते. पैसे वाचवायचे असतील तर ते पाईपाच्या व्यासात वाचवू नयेत.

झऱ्याच्या तोंडाशी कुदळ चालवू नये. वाट मोडली की पाणी दुसरीकडे फुटते. थोडे खाली जांभ्याची छोटी, झाकणाची टाकी बांधावी. पाईप तळापासून वीतभर वर, जाळीसह बसवावा, म्हणजे गाळ खालीच राहतो. जादा पाणी मूळच्या व्हाळात सोडावे; खालच्या वाडीचाही त्यावर हक्क आहे.

पाईप सतत उतरता ठेवावा. मध्ये चढ आला तर तिथे हवा अडकते आणि वर पाणी असूनही नळ कोरडा राहतो. अशा उंचवट्यावर हवा सोडणारा वॉल्व आणि सर्वांत खोलगट जागी गाळ काढायचा वॉल्व बसवावा. पुण्याच्या पेशवेकालीन कात्रज नळावर याच हवेसाठी ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. उतार ६० मीटरहून जास्त असेल तर ६ किलो दाबाचा पाईप पुरत नाही, कारण तोटी बंद असताना सगळा दाब खालच्या टोकावर येतो. मग वाटेत एक उघडी टाकी घालून दाब तोडावा.

काळा एचडीपीई पाईप उन्हात टिकतो, वणव्यात नाही. फाल्गुन-चैत्रात गवत पेटले की उघड्यावरचा पाईप वितळतो. म्हणून तो दीड-दोन फूट पुरावा. कातळावर पुरता येत नसेल तिथे दगडमातीने झाकावा आणि दोन्ही बाजूंचे गवत काढावे.

साठवणीची टाकी घरापासून १० मीटर उंचीवर असली की नळाला चांगला जोर राहतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि अहवाल येईपर्यंत उकळूनच प्यावे.