लांब पल्ल्याचे खेळ आणि श्वासनलिका

व्यायामाने छाती बळकट होते, हे मी तीस वर्षे शाळेतील मुलांस सांगत आलो. ते खोटे नव्हे. परंतु त्यापलीकडची एक गोष्ट मला सेवानिवृत्तीनंतर, वाचनात कळली.

स्वीडन देशात सेलेनपासून मूरा गावापर्यंत ९० किलोमीटरची एक शर्यत १९२२ सालापासून भरत आली आहे. तिचे नाव वासालोपेत. पायांस स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जावयाचे. असल्या खेळात मुरलेल्या माणसांहून दमदार माणसे शोधून सापडणे कठीण! आणि नेमका ह्यांनाच दमा जडलेला दिसला. स्वीडनमधील संशोधकांनी १९९३ साली अशा ४२ अव्वल स्कीपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ जणांत दम्याची लक्षणे आणि श्वासनलिकांचा चिडखोरपणा, दोन्ही आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मंडळींत असा एकच निघाला.

असे का व्हावे? स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. नाक ती गाळते, उबवते आणि ओलसर करते. कसलेला खेळाडू भर कष्टात दीडशे लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक हवा ओढतो. एवढा लोंढा नाकास पेलत नाही. तोंड उघडते आणि गारठलेली, कोरडी हवा थेट नलिकांत शिरते. तिला ओलावा देता देता नलिकांचे अस्तर स्वतः सुकते. सुकलेल्या अस्तरात क्षोभक द्रव्ये सुटतात व नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. गंमत अशी, की खोकला आणि छातीतील शीळ बहुधा श्रम थांबल्यावर काही मिनिटांनी जोर करतात. वर्षानुवर्षे हेच चालले म्हणजे अस्तरास इजा होते. हृदय आणि स्नायू सरावाने वाढतात. प्रौढाची फुप्फुसे मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत.

हे वाचताना मला एक विद्यार्थी आठवला. थंडीच्या दिवसांत सकाळी मी मुलांकडून मैदानास फेऱ्या घालून घेत असे. हा मुलगा चांगला धावे, आणि मग खोकत बसे. मी त्यास कामचुकार म्हटले. तो म्हणाला, "गुरुजी, धावताना नाही होत, थांबल्यावर होते." मला तो लबाडीचा पुरावाच वाटला. त्याने तर दुखण्याचे अगदी अचूक वर्णन केले होते! पुढे तो मैदानावर यावयाचा थांबला, आणि मीही त्याची चौकशी केली नाही.

ज्यांच्या हाती धावणारी मुले आहेत, त्यांनी प्रथम हळूहळू अंग तापवून घ्यावे; गारठ्यात नाकातोंडावर फडके बांधू द्यावे. धूळ व धूर असेल तेथे लांबची दौड नको. खोकला वारंवार येत असल्यास डॉक्टरांकडे न्यावे. ह्यावर श्वासातून घ्यावयाची औषधे आहेत, आणि ती योग्य रीतीने घेऊन पुष्कळ खेळाडू खेळत राहतात. मात्र खोकला धावताना येतो की थांबल्यावर, हे मुलासच विचारावे आणि त्याच्याच शब्दांत डॉक्टरांस सांगावे.