ती ऊब औषधाची असते



सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपलेल्या एक आजी मध्येच रडायला लागल्या. मी काचेपलीकडून धावत आत गेले. माझा हात घट्ट धरून त्या हळूच म्हणाल्या, "बाई, कपडे ओले झाले गं माझे." कपडे कोरडे होते. शिरेतून औषध गेलं की घसा गरम होतो, तोंडाला धातूची चव येते आणि ओटीपोटात अशी ऊब पसरते की लघवी झाली असंच वाटतं. मिनिटभरात ती ओसरते. आजींना हे आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडून ते राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

या औषधाला लोक 'डाय' म्हणतात, 'कलर टाकून स्कॅन' म्हणतात. प्रत्यक्षात त्याला रंग नसतो, बाटलीत ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. त्यात असतं आयोडीन. हाडांमधलं कॅल्शियम क्ष-किरण अडवतं, म्हणून एक्स-रेमध्ये हाडं उठून दिसतात. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडं मात्र आजूबाजूच्या मांसातच मिसळून जातात. आयोडीनचा अणू कॅल्शियमपेक्षा खूप जड. तो रक्तातून जिथे पोचतो, तिथे क्ष-किरण अडतात आणि ती जागा चित्रात उजळते.

याचा शोध थोडा योगायोगानेच लागला. उपदंशावर त्या काळी सोडियम आयोडाइड देत. १९२३ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांना दिसलं, की हे औषध घेतलेल्या रुग्णांचं मूत्राशय एक्स-रेमध्ये दिसतं. पुढे १९२९मध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने बर्लिनमध्ये युरोसिलेक्टान हे आयोडीनयुक्त औषध शिरेतून देऊन मूत्रमार्गाची स्पष्ट चित्रं मिळवली.

पण ही औषधं फार दाहक होती. रक्तात विरघळलेल्या कणांची जेवढी गर्दी असते, तिच्या पाच-सहापट गर्दी नंतरच्या काळातल्या औषधांतही होती. रक्तवाहिन्यांच्या तपासणीत रुग्ण वेदनेने कळवळत. स्वीडनमधल्या टोर्स्टेन आल्मेन या रेडिओलॉजिस्टला ते बघवेना. खाऱ्या समुद्रात डोळे उघडले की चुरचुरतात, निमखाऱ्या पाण्यात चुरचुरत नाहीत, या साध्या अनुभवावरून त्यांना वाट सुचली असं सांगतात. आयोडीन तेवढंच ठेवायचं, पण पाण्यात रेणू फुटून त्याचे दोन कण होऊ द्यायचे नाहीत. १९६९ साली त्यांनी ही कल्पना मांडली. नॉर्वेतल्या एका कंपनीने ती प्रत्यक्षात आणली. आज आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं आयोहेक्सॉल त्याच वंशातलं.

फरक किती पडला? जपानमधल्या ३,३७,६४७ तपासण्यांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. जुन्या औषधांनी दर दहा हजारांत २२ जणांना गंभीर त्रास झाला होता, नव्यांनी चौघांना. रुग्णांना होणारा त्रास माझ्या मते या औषधांचा सगळा इतिहास बदलून गेला, कारण बघणाऱ्याने तो मनावर घेतला.

तरीही ते चौघे उरतातच. म्हणून तपासणीआधी आम्ही प्रश्न विचारतो. पूर्वी अशा इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं का? दम्याचा त्रास आहे का? मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती आहे? थायरॉइडची गोळी सुरू आहे का? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्की सांगा, पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचं काम बघून ते डॉक्टर ठरवतील.

कोकणातून आलेले रुग्ण पुष्कळदा घाबरत सांगतात, "डॉक्टर, मला कोळंबी चालत नाही, मग आयोडीन कसं चालेल?" कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. ॲलर्जी कसलीही असो, ती सांगा जरूर. पण कोळंबीपायी गरजेची तपासणी टाळू नका.

सुईपाशी हात ठणकायला लागला, खाज सुटली, श्वास जड वाटला, तर टेबलावरूनच हाक मारा. आम्ही ऐकत असतो. तपासणीनंतर अर्धा तास केंद्रातच थांबा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन येणार असाल, तर त्या गरम लाटेबद्दल घरीच, निवांत बसून त्यांच्या कानावर घाला.