जीपगाडीचे दोन आखूड दांडे

पावसाळ्यात चिकोडी तालुक्यातील पाणंदीतून चालणाऱ्याला काळ्या मातीचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी झालेली ही जमीन मृगाच्या दोन सरी पडताच डिंकासारखी चिकट होते. पुढे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्या फुगल्या की काठच्या मळीत पाणी शिरते, आणि २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरासारखा प्रसंग ओढवला तर पाणी ओसरल्यावरही वाटेवर गाळाचा थर राहतो. अशा वाटेवर जुनी जीपगाडी अद्याप उपयोगी पडते. मात्र ती ज्या यंत्राच्या बळावर तेथून निघते, त्या यंत्राची तिच्या चालकालाच पुष्कळदा पुरती ओळख नसते.

गिअर बदलण्याच्या मुख्य दांड्याशेजारी या गाडीत आणखी दोन आखूड दांडे असतात. ते ज्या लोखंडी पेटीला जोडलेले असतात, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. त्यांत स्पायसर कंपनीच्या रचनेची 'मॉडेल १८' ही पेटी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला आणि त्याच जातीची पेटी आपल्याकडील रस्त्यांवर आली.

या पेटीची कामे दोनच. गिअरच्या पेटीतून आलेली गती मागच्या आसाला नेहमीच मिळते. ती पुढच्या आसालाही द्यावयाची की नाही, हे एक दांडा ठरवितो. दुसरा दांडा वेग आणि ओढ यांची अदलाबदल करतो. तीन गिअरांच्या पेटीच्या सी. जे. ३-बी गाडीत पहिला गिअर टाकला असता चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला सुमारे पंधरा फेरे घ्यावे लागतात. दुसरा दांडा 'लो'मध्ये घेतला की त्याच एका फेऱ्यासाठी सुमारे सदतीस फेरे लागतात. गाडी त्या मानाने सावकाश चालते आणि तितक्याच पटीने चाकावरचा जोर वाढतो. इंजिनाचे बळ काही वाढत नाही. दोन्ही प्रकारांत गती दातेरी चाकांमधूनच जात असल्याने या पेटीतून थोडासा घूं-घूं असा आवाज नेहमी येतो. तो ऐकून पेटी खोलण्याची घाई करू नये.

पुढचा आस जोडण्याचा दांडा केव्हा वापरावा, याविषयी मोठा गैरसमज आहे. चौघे ओढणार म्हणजे गाडी अधिक मजबूत चालणार, अशा समजुतीने कित्येक चालक कोरड्या डांबरी सडकेवरही तो जोडून ठेवतात. मळणीच्या खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारे बैल ज्याने पाहिले आहेत, त्याला यातील चूक चटकन उमजेल. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळतो. कडेच्या बैलाला मात्र भराभर पावले टाकावी लागतात. गाडी वळणावर असता पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, पण या पेटीने तर दोन्ही आस एकाच गतीने बांधून टाकलेले असतात. चिखलात चाक किंचित घसरते आणि हा फरक भरून निघतो. डांबरावर ते घसरत नाही. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साठत जातो. टायर झिजतात, सुकाणू जड होते, आणि पुढे दांडा काढू म्हटले तरी निघत नाही. अशा वेळी हातोडा शोधू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि दांडा आपसुक सैल होतो. पुढचे आणि मागचे टायर निरनिराळ्या झिजेचे असले, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ पडतो.

दांडा जोडण्याची खरी वेळ रुतल्यानंतरची नव्हे, रुतण्यापूर्वीची. पाणंदीच्या तोंडाशीच चाके सरळ ठेवून, वेग कमी करून आणि क्लच दाबून पुढचा आस जोडून घ्यावा. काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या तुंब्यावर हाताने फिरवावयाची कळ असते. ती आधी फिरवली नसेल, तर आतला दांडा ओढूनही पुढची चाके मोकळीच राहतात. 'लो' घेण्यासाठी गाडी पूर्ण थांबवावी. दाते कुरकुरले तर बळजबरी न करता गाडी वीतभर सरकू द्यावी आणि पुन्हा यत्न करावा. एवढे करूनही एक पुढचे आणि एक मागचे चाक जागीच गरगरू लागले, तर गाडी हलणार नाही, कारण प्रत्येक आसाची गती मोकळ्या चाकाकडे पळते. मग पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. फिरणाऱ्या चाकांखाली उसाचे पाचट दाबून भरावे.

पुढचा आस जोडल्यावाचून 'लो' पडू नये, अशी अडसराची योजना या पेटीतच केलेली आहे. वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या आसावर येऊ नये, हा तिचा हेतू. परंतु जुन्या गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी पुढचा शाफ्टच काढून टाकलेला असतो. अडसराला दांडा तेवढा कळतो. शाफ्ट जागेवर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. अशा गाडीत 'लो' बिनबोभाट पडतो आणि उसाचा ट्रेलर ओढताना मागचा आस मोडतो. जुनी जीप विकत घेणाऱ्याने म्हणूनच आधी खाली वाकून पाहावे.

याहून गंभीर गोष्ट उताराची आहे. 'हाय' आणि 'लो' यांच्या मध्ये एक तटस्थ जागा असते. दांडा त्या जागेवर असला म्हणजे मुख्य गिअर पडलेला असूनही इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटलेला असतो. नदीकाठच्या उतारावर 'लो' घेण्याची आठवण झाली आणि दांडा मध्येच अडकला, तर गाडी केवळ पायाच्या ब्रेकवर उरते. हे काम उतार लागण्यापूर्वी सपाटीवर उरकावे. एकदा 'लो' पडला की मग इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. गाडी उभी करतानाही, केवळ गिअरमध्ये आहे म्हणून तिच्यावर भरवसा ठेवून निघून जाऊ नये. तो आखूड दांडा कोठे आहे, हे आधी पाहावे.

या गाड्यांचा हातब्रेकही चाकांवर नसतो. तो याच पेटीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर बसविलेला असतो आणि शाफ्टला धरतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की दुसरे, जमिनीवरचे चाक फिरावयास मोकळे होते आणि हातब्रेक ओढलेली गाडी जॅकवरून खाली येऊ शकते. पंक्चर काढताना चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावे, पुढचा आसही जोडून ठेवावा. धावत्या गाडीत हा ब्रेक ओढणे तर सर्वस्वी टाळावे, कारण त्याचा धक्का थेट शाफ्टच्या सांध्यांवर बसतो.

निगा म्हणाल तर फार थोडी. गिअरच्या पेटीतले आणि या पेटीतले तेल शेजारी असले तरी दोन्हींची पातळी निरनिराळी पाहावी लागते. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर दुसऱ्या दिवशी बूच सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून सगळे तेल बदलावे. आणि उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांतही महिन्यातून एकदा, शेताच्या भुसभुशीत मातीत, दोन्ही दांडे जोडून गाडी शंभर पावले चालवावी. वर्षभर न हलवलेला दांडा आषाढातल्या चिखलात, भर अंधारात ओढून पाहिला, तर तो बहुधा हलतच नाही.