दर्व्होर्गिलाच्या कमानी

आज आपण कोरलेला दगड कसा बघायचा ते शिकू या. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. एक मोठं अर्धवर्तुळ काढा. त्याच्या आत दुसरं, जरा लहान. त्याच्या आत तिसरं. आता अशी कल्पना करा की बाहेरचं अर्धवर्तुळ तुमच्या अगदी जवळ आहे आणि आतलं प्रत्येक अर्धवर्तुळ एकेक पायरी मागे सरकलेलं आहे. साधी भिंत आणि त्यातलं भोक, एवढंच हे राहत नाही. भिंत जाड आहे आणि तिच्यातून आत जायला वेळ लागतो, हे डोळ्यांना आधीच कळतं.

अशी तीन पदरी कमान आयर्लंडमध्ये, शॅनन नदीच्या काठी, क्लॉनमॅकनॉइज इथे उभी आहे. सहाव्या शतकात संत कीरननं स्थापलेला हा मठ. प्रवासी तिथले उंच क्रॉस आणि गोल मनोरे पाहतात आणि बहुतेक तिथूनच परततात. तुम्ही गेलात तर परतू नका. पूर्वेकडची पायवाट धरून अर्धा किलोमीटरभर चाला. शेतांच्या मधोमध ननांचं चर्च लागेल. छप्पर नाही, भिंती ठेंगण्या उरल्यात. पण पश्चिमेचं दार आणि आतली, वेदीच्या भागाकडे नेणारी कमान या दोन गोष्टी उभ्या आहेत.

पुन्हा कागदाकडे वळू. अर्धवर्तुळावर आता दात काढा, एकाला लागून एक, टोकदार. आपल्याकडे करवतकाठी लुगड्याच्या काठावर असतात ना, अगदी तसे. युरोपभर त्या काळच्या, म्हणजे बाराव्या शतकाच्या, रोमनेस्क शैलीची ही आवडती नक्षी. पण कापडावरचा काठ सरळ रेषेत धावतो, इथे तो वळतो. वळणावर दात सारखे दिसायला हवेत तर प्रत्येक दगड वेगळा मोजून कापावा लागतो, कारण कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा असतो, वर रुंद, खाली अरुंद. खाली लाकडी सेंटरिंग उभारायचं, दोन्ही बाजूंनी दगड रचत यायचं आणि माथ्यावर ते एकमेकांना भिडले की सेंटरिंग काढून घ्यायचं. त्यानंतर दगडच दगडाला धरून ठेवतो.

म्हणून माझं सांगणं असं, की नक्षी बघण्याआधी सांधे शोधा. दारावर जनावरांची मुंडकी आहेत. एक गोल दांडा कमानीभर फिरलाय आणि ही मुंडकी तो जबड्यात घट्ट धरून बसलीत. सांधे दिसू लागले की लक्षात येतं, एका दगडावर एक मुंडकं. माथ्यावरचं सरळ खाली बघतं, कडेचं तिरपं होतं. आकृतीचं माप आणि दगडाचं माप इथे एकच झालंय. या कारागिरांचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

आतल्या कमानीच्या नक्षीत एक छोटी मानवी आकृती लपलेली आहे. मोठं डोकं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वर उचललेले पाय. आपल्याला चटकन लज्जागौरी आठवेल. पण नातं जोडायची घाई करू नका. लज्जागौरीला मस्तकाच्या जागी बहुधा कमळ असतं, इथे तर डोकंच सगळ्यात मोठं. ननांच्या प्रार्थनास्थळी ही आकृती का कोरली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

हे चर्च पुरं झालं 1167 साली, आणि ते पुरं केलं दर्व्होर्गिला नावाच्या बाईनं, अशी आयरिश बखरीत नोंद आहे. मीथच्या राजाची ही मुलगी, ब्रेफ्नेचा राजा टिअर्नन ओरूर्क याची राणी. 1152 साली लेन्स्टरच्या राजानं, डर्मट मॅक मरोनं, तिला पळवून नेलं. तीही गुरंढोरं आणि सामानसुमान घेऊन गेली, आणि हे तिच्या भावाच्या सल्ल्यानं झालं, असं बखरकार म्हणतो. म्हणजे पळवणं किती आणि जाणं किती, कुणी सांगावं! वर्षभरात ती परत आली. पुढे 1166 मध्ये डर्मटला देश सोडावा लागला. त्यानं परक्यांची मदत मागितली आणि 1169 साली नॉर्मन फौजा आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्या. तेव्हापासून लोकांनी परक्या राज्याचं सगळं खापर या बाईच्या डोक्यावर फोडलं. विसाव्या शतकात लेडी ग्रेगरी आणि येट्स या दोघांनीही तिच्या अपराधी मनावर नाटकं लिहिली.

मला हे पटत नाही. राजांमधलं वैर आधीचं होतं, जमिनीचं होतं. आणि ही बाई दानशूर होती. 1157 साली मेलिफाँटच्या मठाला तिनं साठ औंस सोनं, सोन्याचा पेला आणि नऊ वेद्यांसाठी वस्त्रं दिली. क्लॉनमॅकनॉइजलाही तिनं बायकांची जुनीच जागा निवडली. 1026 सालच्या एका नोंदीत मठप्रमुख बाईच्या बागेपासून निघणाऱ्या फरसबंद वाटेचा उल्लेख येतो. स्वतःची जागा सांभाळून राहणाऱ्या बायका तिथे आधीपासून होत्या. तिनं त्यांना त्या काळातलं उत्तम कोरीवकाम दिलं. 1193 साली मेलिफाँटलाच ती वारली. वय पंच्याऐंशी लिहिलंय.

1552 साली अ‍ॅथलोनच्या इंग्रज शिबंदीनं क्लॉनमॅकनॉइज लुटलं, घंटा आणि खिडक्यांच्या काचासुद्धा नेल्या. पुढच्या काळात ननांच्या चर्चच्या दोन्ही कमानी ढासळल्या. 1865 साली किल्केनीच्या पुरातत्त्व मंडळानं त्या पुन्हा उभ्या केल्या. आज आपण बघतो ती ही जुळणी. एकेक दगड नीट पाहा, जवळचे दगड एकमेकांशी जुळतात का ते तपासा.

जायचं तर दुपार कलल्यावर जा. दोन्ही कमानींची कोरीव बाजू पश्चिमेला आहे. ऊन डोक्यावर असताना नक्षी सपाट दिसते. ते तिरपं झालं की प्रत्येक दाताला सावली पडते आणि जबड्यांच्या आत काळोख भरतो. आधी दाराबाहेर उभं राहून दारातून आतली कमान बघा, कमानीत कमान. मग आत जा. ती आतली कमान अशी लख्ख उन्हात त्या ननांनी कधी पाहिली नसेल. छप्पर होतं, खिडक्या लहान होत्या. त्यांना ती दिसली असेल मेणबत्तीच्या उजेडात, दातांच्या सावल्या हलत असताना.