खरखर कोणाची?

तबकडी जुनी झाली की ती खरखरू लागते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुई खाचेतून फिरताना धुळीचा, ओरखड्यांचा आणि झिजेचा आवाज मूळ गाण्यात मिसळतो. जुन्या तबकडीची नवी आवृत्ती काढणारा कारागीर तो आवाज शक्य तेवढा नाहीसा करतो आणि आपण त्याला दुवा देतो. ठुमरी असो वा नाट्यपद असो, गाणे कोणते आणि खरखर कोणती, याविषयी तेथे कोणाच्या मनात संदेह उत्पन्न होत नाही. परंतु ज्या संगीतात खरखर हेच गाणे आहे, त्याची जुनी तबकडी हाती आली तर त्या कारागिराने काय करावे? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण तो तसा नाही. जपानात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झालेल्या अशा संगीताच्या दुर्मीळ तबकड्या अलीकडे युरोप-अमेरिकेतील लहान लहान प्रकाशक पुन्हा काढीत आहेत, आणि त्यांना या प्रश्नाशी झगडावे लागते.

या संगीताचा एक प्रवाह अखंड, लांबलेल्या सुराचा आहे. त्याला ‘ड्रोन’ म्हणतात. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारा नाद गवयाशिवाय तासन्‌तास चालू ठेवला, तर त्याची काहीशी कल्पना येईल. या प्रवाहाचे एक आद्य पुरुष म्हणजे ताकेहिसा कोसुगी. त्यांचा जन्म १९३८ चा. १९६० मध्ये त्यांनी व त्यांच्या मित्रांनी ‘ग्रूप ओंगाकू’ नावाचे मंडळ काढले. ओंगाकू म्हणजे नुसते ‘संगीत’. पुढे १९६९ मध्ये त्यांनी जे दुसरे मंडळ स्थापिले, त्याचे नाव ऐकून आपण चकित व्हाल : ‘ताजमहाल ट्रॅव्हलर्स’, म्हणजे ताजमहालाचे प्रवासी. आणि ते नावापुरते प्रवासी नव्हते. युरोपातून एका मोटारगाडीत बसून, वाटेत वाजवीत वाजवीत, ही मंडळी खरोखरच ताजमहालापर्यंत येऊन गेली. समुद्रकिनाऱ्यावर वाद्ये मांडून दिवसभर वाजवीत राहावे, हाही त्यांचा परिपाठ होता. व्हायोलिन, तुतारीच्या जातीची पितळी वाद्ये आणि मनुष्याचा कंठ यांचे सूर प्रतिध्वनी उठविणाऱ्या यंत्रांतून फिरून परत येत आणि एकमेकांत विरघळत.

१९७२ च्या जुलैत तोकियोच्या सोगेत्सु सभागृहात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची तबकडी निघाली. तिचे नाव म्हणजे केवळ त्या दिवसाची तारीख, ‘१५ जुलै १९७२’. आतील भागांची नावे त्याहून मौजेची आहेत : सायंकाळी ६ वाजून २० मिनिटांपासून ६ वाजून ४६ मिनिटांपर्यंत, ७ वाजून ३ पासून ७ वाजून १५ पर्यंत, ७ वाजून ५० पासून ८ वाजून ५ पर्यंत. मला ही नावे फार प्रामाणिक वाटतात. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस फार तर वीस-पंचवीस मिनिटे सुखाने मावतात. तेव्हा वाहत्या नदीतून आम्ही तीन घागरी भरून आणल्या आहेत, नदी नव्हे, हे त्यांनी नावातच सांगून टाकले. १९७५ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘ऑगस्ट १९७४’ या संचाला दोन तबकड्या लागल्या.

त्याच वर्षी कोसुगींनी स्वतःच्या नावावर ‘कॅच-वेव्ह’ ही तबकडी काढली. तिच्या एका बाजूचे शीर्षक ‘मनोधर्म ७४’ असे आहे! कर्नाटक संगीतात ऐन वेळी मनातून स्फुरणाऱ्या विस्ताराला जो शब्द वापरतात, तोच हा. रेडिओच्या लहरींचा परस्परांशी संयोग घडवून त्यांतून सूर काढण्याचा नाद कोसुगींना फार पूर्वीपासून होता. आपण रेडिओची खुंटी फिरविताना दोन केंद्रांच्या मधे जी शीळ ऐकतो आणि घाईने पुढे जातो, तेथेच हा गृहस्थ मुक्काम करी. आता ‘ऑगस्ट १९७४’ बेल्जममधील आगीर या प्रकाशकाने, आणि ‘कॅच-वेव्ह’ अमेरिकेतील सुपीरियर व्हायाडक्टने पुन्हा काढली आहे.

दुसरा प्रवाह उघड उघड गोंगाटाचा. १९७९ मध्ये क्योतो येथे ‘हिजोकाइदान’ हे मंडळ निघाले. त्या शब्दाचा अर्थ संकटकाळी पळून जाण्याचा जिना! त्याच वर्षी तोकियोत मासामी आकिता यांनी ‘मेर्झबो’ या नावाने काम आरंभिले आणि स्वतः तयार केलेल्या कॅसेटी टपालाने जगभर धाडल्या. ‘इनकपॅसिटंट्स’ या जोडीतील एक गृहस्थ तर बँकेत नोकरी करीत. हिशेब मिळवून झाल्यावर तो गडी काय गर्जना करीत असेल, याची कल्पना करावी. या प्रवाहाविषयी माझे प्रेम बेताचेच आहे, हे सांगून टाकतो. परंतु आमचा प्रश्न येथेच सर्वांत कठीण होतो. मुद्दाम भरडलेला आवाज स्वस्त फितीवर मुद्रित झाला. फितीनेही आपली भर घातली. आता यातील किती कलावंताचे आणि किती फितीचे? शिवाय तबकडी कोरणाऱ्या यंत्राच्याही मर्यादा आहेत. खर्जाचा सूर मोठा कोरावा तर खाच रुंद होते आणि वेळ घटतो. अतितीव्र, कर्कश आवाज सतत दिल्यास कोरणीची विद्युत्कुंडले तापून जळण्याची भीती. तेव्हा कॅसेटवरचा गोंगाट तबकडीवर जसाच्या तसा उतरत नाही. कोणीतरी मधे बसून निवड करावीच लागते.

ती निवड कोणी करावी, याचा बोधप्रद दाखला क्योतोच्याच दुसऱ्या एका मंडळींचा आहे. ‘ले रालीझ देन्यूदे’ हे फ्रेंच धर्तीचे नाव घेऊन ताकाशी मिझुतानी यांनी १९६७ मध्ये दोशिशा विद्यापीठाच्या परिसरात हे वाद्यवृंद सुरू केले. १९९१ मध्ये निघालेल्या तीन तबकड्यांखेरीज त्यांनी स्वतः जवळजवळ काहीच प्रसिद्ध केले नाही. ती उणीव चोरट्या प्रकाशकांनी भरून काढली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असा माल वर्षानुवर्षे विकला गेला. मिझुतानींची संमती नाही आणि मोबदला तर नाहीच. ऐकणारे मात्र त्या धुरकट आवाजावरच लुब्ध झाले. धूर हीच मिझुतानींची शैली, असे मानण्याचा प्रघात पडला. मिझुतानी २०१९ मध्ये वारले. त्यानंतर २०२२ पासून लॉस एंजलिसच्या ‘टेंपोरल ड्रिफ्ट’ने अधिकृत आवृत्त्या काढण्यास प्रारंभ केला, आणि मूळ फितींवरील संस्कार माकोतो कुबोता यांनी केला. ते पूर्वी या वृंदात स्वतः वाजवीत असत. त्यांतील ‘द ओझ टेप्स’ या संचात १९७३ मधील, तोकियोच्या ‘ओझ’ नावाच्या लहानशा जागेतील वादन आहे. ते ऐकले म्हणजे गिटारीचा किंकाळ वेगळा, ढोलांचा ठोका वेगळा, असे स्पष्ट कानी येते. गोंगाट आहेच, आणि भरपूर आहे. पण तो वाजविणाऱ्याचा आहे. जो त्या खोलीत उभा होता, त्यालाच हे सांगता आले.

सर्व प्रकाशक असे सत्शील नाहीत. दुर्मिळतेवर उतारा म्हणून नवी आवृत्ती काढावयाची, आणि तीही दोन-तीनशे प्रतींची, क्रमांक घातलेली, रंगीत! म्हणजे दुर्मिळता पुन्हा तयारच. अशा प्रती पुष्कळदा कपाटात जातात; सुई त्यांना शिवत नाही.

केजी हाइनो यांची ‘वाताशी दाके?’ ही तबकडी १९८१ ची. तिच्या नावाचा अर्थ ‘मीच फक्त?’ एक कंठ, एक गिटार आणि मधे मोठमोठ्या स्तब्धता. मूळची प्रत ज्यांच्यापाशी होती, त्यांच्या त्या स्तब्धता चाळीस वर्षांच्या ओरखड्यांनी भरून गेल्या असणार. अमेरिकेतील ‘ब्लॅक एडिशन्स’ने २०१७ मध्ये ती पुन्हा काढली. या संगीताची ओळख करून घेण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनी आरंभ कोसुगींपासून करावा, सायंकाळी ६ वाजून २० मिनिटांपासून. आवाज बेताचा ठेवावा आणि पहिली दहा मिनिटे उठू नये. हाइनो नंतर, आणि रात्री, घरातील मंडळी निजल्यावर.