‘पारसनीस’ : एका हुद्द्याचे आडनाव



मंडळाने कुटुंबसूची नव्याने तयार करण्याचे योजिले आहे, त्यानिमित्त आडनावांविषयी आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. सर्वच आडनावांचा परामर्श घेण्यास वेळ पुरणार नाही. म्हणून क्वचितच आढळणारे ‘पारसनीस’ हे एकच आम्ही निवडले आहे.

या आडनावाचा परिसाशी संबंध नाही, पारशी समाजाशीही नाही. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. ‘फारसीनवीस’ या शब्दातील ‘व’ बोलण्याच्या ओघात गळाला, ‘फ’चा ‘प’ झाला आणि पारसनीस हे रूप सिद्ध झाले. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस ही त्याचीच भावंडे होत. दरबारी आलेली फारसी पत्रे वाचावयाची, त्यांचा आशय मराठीत सांगावयाचा आणि उत्तराचा मसुदा पुन्हा फारसीत करावयाचा, हे पारसनिसाचे काम. धन्याचे गुपित ज्याच्या लेखणीतून जावयाचे, तो विश्वासाचाच मनुष्य असावा लागे.

मराठवाड्यातील श्रोत्यांस हे विशेष कळेल. मलिक अंबराने 1610 साली वसविलेली खडकी ती ही आपली नगरी. येथे मोगलांच्या व पुढे निजामाच्या अमलात, रयतेच्या तोंडी मराठी आणि दरबारच्या कागदावर फारसी, अशी स्थिती दीर्घकाळ होती. 1674 मध्ये राज्याभिषेकसमयी शिवछत्रपतींनी वाकनिसास मंत्री, सुरनिसास सचिव व डबिरास सुमंत अशी संस्कृत नावे दिली. परंतु मोगलांशी पत्रव्यवहार फारसीवाचून होणे नव्हते, तेव्हा पारसनिसाची गरज उरलीच.

हुद्दा वंशपरंपरेने चालला की त्याचे आडनाव होते, आणि मूळचे मागे पडते. नाना फडणिसांचे घराणे वेळासचे भानू, हे आज किती जणांस ठाऊक आहे? देशपांडे देशस्थांत आहेत. बाजी प्रभू देशपांडे मात्र कायस्थ प्रभू होते. म्हणजे हुद्द्याच्या आडनावावरून ना ज्ञाती ठरते, ना कुळ. असे असता विवाह जमविताना आपण नुसते आडनाव ऐकून ‘आपल्यातले’ किंवा ‘परके’ असा निवाडा देऊन मोकळे होतो. आमच्या मते, यात शहाणपण नाही.

सूचीच्या अर्जात आडनावाचा एकच रकाना आहे. त्याशेजारी मूळ आडनाव, मूळ गाव, गोत्र व कुलदैवत असे चार रकाने वाढवावे आणि ते घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून याच वर्षी भरून घ्यावे. कोणाकडे जुनी सनद असल्यास तिची नक्कल मंडळाकडे द्यावी. ती फारसीत निघाली, तर वाचावयास मात्र आता बाहेरचा पारसनीस शोधावा लागेल.