शस्त्रक्रियेनंतरचीं वेदनाशामक औषधें आणि घरचा कुत्रा



घरच्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया झाली, भूल उतरली, आणि टांके घातलेलें तें जनावर एकदां घरीं आणलें, म्हणजे बहुतेक मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. चिंता काय ती भुलेची आणि सुरीची, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पुढील चारसहा दिवसांत आम्हां पशुवैद्यांकडे जी विचारपूस होते, तींतील पुष्कळशी जखमेबद्दल नसून औषधाबद्दल असते. कुत्रा खात नाहीं, कुत्रा ओकला, रात्रभर कण्हत होता, सकाळपासून नुसता पडून आहे. यांतलें वेदनेमुळें काय, भुलेमुळें काय, आणि वेदना शमविण्यासाठीं दिलेल्या औषधामुळें काय, याचा पहिला अंदाज घरच्या माणसांनाच करावा लागतो.

औषध देऊं नये, असें सांगण्यासाठीं मी येथें बसलेलों नाहीं. 'मुकें जनावर, त्याला कसलें एवढें दुखणार?' हा समज अजून कित्येक सुशिक्षित घरांतही आढळतो, आणि तो साफ चुकीचा आहे. दुखणारा कुत्रा ओरडतोच असें नाहीं. तो भिंतीकडे तोंड करून बसतो, पाठीला बांक आणतो, जखम सारखी चाटतो, जवळ गेल्यास गुरगुरतो. ग्लासगो विद्यापीठांत यासाठीं एक मापनपद्धति तयार झाली आहे. आवाज, जखमेकडे लक्ष, चाल, जखमेभोंवतीं हलकेंच दाबल्यास होणारी प्रतिक्रिया, वृत्ति आणि बसण्याउठण्याची ढब, अशा सहा बाबींना गुण देऊन वेदना किती हें तीवरून ठरवितात. वेदना तशीच राहूं दिली तर कुत्रा खात नाहीं, झोंपत नाहीं, आणि जखम भरून येण्यासही विलंब लागतो.

आतां औषधांकडे वळूं. शस्त्रक्रियेनंतर घरीं देण्यासाठीं जीं औषधें लिहून दिलीं जातात, त्यांत मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन यांसारखीं दाह कमी करणारीं वेदनाहर औषधें मुख्य होत. ऍस्पिरिनचा गुण कशामुळें येतो, हें जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं दाखवून दिलें, व १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यास वांटा मिळाला. इजा झालेल्या जागीं शरीर प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करतें; त्यांमुळें सूज येते, ठणका लागतो. औषध या द्रव्यांची निर्मितीच रोखतें. अडचण अशी कीं, याच जातीचीं द्रव्यें जठराच्या आंतील बाजूस संरक्षक बुळबुळीत थर राखतात, आणि शरीरांत पाणी किंवा रक्तदाब कमी झाला असतां मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा चालूं ठेवतात. ठणका थांबवावयास गेलों कीं थोडेंबहुत संरक्षणही थांबतें. जठराला कमी त्रास देणारीं नवीं औषधें निघालीं आहेत हें खरें. पण मूत्रपिंडांच्या बाबतींत त्यांवरही विसंबतां येत नाहीं. म्हणून हें औषध उपाशी पोटीं देऊं नये, आणि पाण्याचें भांडें कधीं रिकामें राहूं देऊं नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं संध्याकाळीं कुत्रा एकदां ओकला, किंवा त्यानें अन्नाकडे पाहिलें नाहीं, तर त्याचा दोष बहुधा भुलेकडे जातो. दोनतीन दिवस शौचास झालें नाहीं तरी घाबरूं नये. आधींचा उपास आणि गुंगीचीं औषधें यांचा तो परिणाम असतो. परंतु दुसऱ्या दिवसानंतर जर खाणारा कुत्रा खाईनासा झाला, वारंवार ओकूं लागला, पातळ शौचास होऊं लागलें, किंवा शौच डांबरासारखें काळें व चिकट दिसलें, तर तें औषध जठराला जाचत आहे असें समजावें. काळा रंग हा पचलेल्या रक्ताचा असतो. अशा वेळीं पुढची मात्रा देऊं नये व लगेच डॉक्टरांना कळवावें. 'पूर्ण पांच दिवस द्या असें सांगितलें आहे,' म्हणून न खाणाऱ्या कुत्र्याच्या घशांत गोळी कोंबणारीं माणसें मोठीं कर्तव्यदक्ष असतात, यांत शंका नाहीं. पण या औषधाच्या बाबतींत तो नियम लागू नाहीं. फार पाणी पिणें व वरचेवर लघवी होणें हें मूत्रपिंडांचें, तर डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसणें हें यकृताचें लक्षण होय. यकृताचा विकार क्वचितच होतो, आणि कोणास होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. कारप्रोफेनमुळें यकृत बिघडलेल्या २१ कुत्र्यांची हकीकत १९९८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. त्यांत १३ लॅब्रॅडॉर होते. अर्थात् लॅब्रॅडॉर तिकडे घरोघर असल्यामुळें त्या आंकड्यावरून त्या जातीलाच दोष देणें बरोबर नाहीं.

मात्र अनर्थ बहुधा नेमून दिलेल्या मात्रेमुळें होत नाहीं, तिच्यांत घातलेल्या भरीमुळें होतो. डेराकॉक्सिब नांवाच्या याच वर्गांतील औषधानंतर जठराला किंवा आंतड्याला भोंक पडलेल्या २९ कुत्र्यांचा अभ्यास २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांतील २६ कुत्र्यांना एक तर ठरल्यापेक्षां अधिक मात्रा मिळाली होती, नाहीं तर त्याच सुमारास दुसरें वेदनाहर औषध किंवा स्टेरॉइड दिलें गेलें होतें. २९ पैकीं २० कुत्रे दगावले किंवा त्यांना शांतपणें मरण द्यावें लागलें. म्हणून खाजेसाठीं चालूं असलेली प्रेड्निसोलोनची गोळी डॉक्टरांना सांगावयास विसरूं नये. कुत्र्याच्या खाजेचा त्याच्या पायाच्या शस्त्रक्रियेशीं संबंध काय, असें वाटतें. तो संबंध जठरांत जुळतो.

आणि दुसरी भर म्हणजे आपलें स्वतःचें औषधांचें कपाट. रात्रीं दोन वाजतां कुत्रा कण्हूं लागतो, दवाखाना बंद असतो, आणि घरांतील कोणी तरी कळवळून अंगदुखीची गोळी आणतें. 'लहान जीव आहे, अर्धीच देऊं,' असा विचारही होतो. त्या अर्ध्या गोळीचा हिशेब पाहा. मेलॉक्सिकॅमची कुत्र्याची रोजची मात्रा, पहिला दिवस सोडल्यास, दर किलो वजनास ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्यास अर्धा मिलिग्रॅम. माणसांची लहानांत लहान गोळी साधारणतः ७.५ मिलिग्रॅमची असते. तिची अर्धी ३.७५ मिलिग्रॅम झाली, म्हणजे साडेसातपट! नॅप्रॉक्सेनची तर याहून वाईट तऱ्हा. माणसाच्या रक्तांतील त्याचें प्रमाण बारा ते सतरा तासांत निम्म्यावर येतें. कुत्र्याच्या रक्तांत त्यास सुमारें ७४ तास लागतात. सकाळसंध्याकाळ दिल्यास तें सांचतच जातें. आयबुप्रोफेनही कुत्र्याला सोसत नाहीं. एका प्राण्यास मानवलेलें औषध दुसऱ्यास मानवेल असें धरून चालण्याची केवढी किंमत मोजावी लागते, हें आपल्या देशांत गिधाडांच्या रूपानें दिसलेंच आहे. गुरांना दिलेलें डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मेलीं. हें कारण २००४ सालीं उजेडांत आलें, व २००६ सालीं भारतांत त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी झाली.

रात्रींचें तें कण्हणें तरी वेदनेचेंच असतें काय? अफूच्या वर्गांतील औषधें दवाखान्यांत टोंचलीं असतील, तर कांहीं कुत्रे त्यांच्या अमलानें अस्वस्थ होतात, धापा टाकतात, कोणी स्पर्श केला नसतां रडतात. प्रेमानें बोललें असतां किंवा जवळ बसलें असतां कुत्रा शांत झाला, आणि जखमेभोंवतीं हात लावूं दिला, तर ही गुंगीची भ्रांति असण्याचा संभव अधिक; ती कांहीं तासांत ओसरते. हात जवळ नेतांच अंग चोरलें, तर वेदना समजून डॉक्टरांना विचारावें. ट्रॅमाडॉलवर मात्र फार भिस्त ठेवूं नये. माणसाच्या यकृतांत त्याचें ज्या प्रभावी द्रव्यांत रूपांतर होतें, तें कुत्र्याच्या शरीरांत फारच थोडें बनतें. गुंगी येते, ठणका राहतो. गॅबापेंटिननें कुत्रा डुलत चालतो, जिन्यावर पाय घसरतो. म्हणून त्या दिवसांत त्यास जिना चढूं देऊं नये. माणसांसाठीं मिळणाऱ्या पातळ गॅबापेंटिनच्या कांहीं बाटल्यांत गोडीसाठीं झायलिटॉल घातलेलें असतें. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर झपाट्यानें उतरते व यकृतासही इजा पोंचते. बाटलीवरील बारीक अक्षरें वाचण्याचा कंटाळा करूं नये.

आतां उरलेल्या औषधाविषयीं. चार गोळ्या शिल्लक राहतात, त्या डब्यांत जपून ठेवल्या जातात, आणि सहा महिन्यांनीं कुत्रा लंगडला कीं बाहेर निघतात. तोंवर त्याचें वय वाढलेलें असतें, मूत्रपिंडें कदाचित् मंदावलेलीं असतात, आणि रक्ताची तपासणी झालेली असते ती शस्त्रक्रियेपूर्वींची. घरांत मांजर असल्यास तर तो डबा कुलुपांत हवा. कुत्र्यासाठीं दिलेलें मेलॉक्सिकॅम मांजरास चालूं ठेवल्यास तिचीं मूत्रपिंडें बंद पडूं शकतात, आणि माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊं शकते. अशी गोळी पोटांत गेल्याचा नुसता संशय आला, तरी हिरड्या तपकिरी किंवा निळसर होण्याची वाट पाहूं नये. गोळीचें वेष्टण बरोबर घेऊन तिला तत्काळ दवाखान्यांत न्यावें.